बहिरूबाबांची भिंत

हिरडवाडीला सरकारनं दिलेला पहिला हापसा हिरडवाडीपासून अडीच मैलांवर बसला. त्या माळावर गेल्या तीस वर्षांत कोणी चूल पेटवली नव्हती. तो तिथं बसवण्याचं सगळं श्रेय ग्रामसेवक गोरखचं होतं.

हापसा मात्र झकास होता. दांडा तीनदा दाबला की चौथ्याला पाय भिजायचे. घाटघरच्या त्या अंगाला चार महिने आभाळ फाटतं आणि उरलेले आठ महिने बायका पाण्यासाठी खडकाला कान लावून फिरतात. तिथं असं पाणी लागणं म्हणजे नवलच. फक्त प्यायला माणूस नव्हता. वानरांची एक टोळी सकाळी येऊन दांड्यावर आळीपाळीनं बसायची. त्यातलं एखादं अंगानं भरलेलं असलं तर त्याच्या वजनानं चार थेंब पडायचे. योजनेचा लाभ तेवढा आणि लाभार्थीही तेवढेच.

झालं ते असं. सत्त्याण्णव सालचा पावसाळा सरला आणि गोरखची बदली घाटमाथ्यावर झाली. गोरख मूळचा कळंबचा, उसाकांद्याच्या बागायतीत वाढलेला. पाणी म्हणजे मोटारीचं बटण, एवढंच त्याला ठाऊक. जुन्नरला खोली घेऊन तो सामान लावतोय तोवर तालुक्याहून पत्र आलं : आपल्या हद्दीतल्या सगळ्या वाड्यावस्त्यांचा नकाशा आठ दिवसांत सादर करा, हापसे द्यायचे आहेत. आता आठ दिवसांत डोंगर कोण तुडवणार? गोरखनं कचेरीतून एक जुना नकाशा मिळवला. कापडावर चिकटवलेला, इतका जुना की घडी उलगडताना नकाशाच्या आधी खोकला बाहेर पडायचा. तो त्यानं खिडकीच्या काचेवर धरला, वर बटर पेपर लावला आणि सगळं मन लावून गिरवलं. डोंगराच्या एका दांडावर, म्हणजे सोंडेवर, सहा ठिपके होते आणि शेजारी लिहिलं होतं 'हिरडवाडी'. त्यानं सहाच्या सहा ठिपके इमानदारीनं उतरवले. साहेब नकाशा बघून म्हणाले, अक्षर चांगलं आहे तुमचं.

अक्षर चांगलंच होतं. वाडी मात्र तिथं नव्हती. तीस वर्षांमागं दरड सुटली, तेव्हा सगळी घरं दरीच्या अलीकडच्या दांडावर येऊन वसली होती. नकाशाला हे कोणी कळवलं नव्हतं.

बोअरचं मशीन आलं त्या दिवशी गोरख कळंबला चुलतबहिणीच्या साखरपुड्याला होता. मशीनच्या मुकादमाला माळावर पडकी जोती दिसली, माणूस दिसेना. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "कागदावर वाडी हाय म्हंजी वाडी हाय. मानसं रानात गेली असत्याल." दोन दिवसांत पाईप घालून, ओटा बांधून गडी निघून गेले.

महिन्याभरानं गोरख हिरडवाडीला गेला. तोही अशासाठी की 'हापसा मिळाला' असा अंगठा वाडीतल्या कोणाचा तरी हवा होता. आपली एम-एटी गाडी फाट्यावर टाकून तो घामाघूम चढून आला तर वाटेवरच एक म्हातारा घोंगडी पसरून बसलेला. अंगानं काटकुळा, मिशा पांढऱ्या. आणि डोळे असे की समोरच्यानं आधी आपल्याच खिशात हात घालून बघावं, आपण काही चोरलं तर नाही.

"कोन?"

"मी ग्रामसेवक. नवीन आलोय."

"कशावरून?"

या प्रश्नाला नोकरीच्या सहा वर्षांत गोरख पहिल्यांदाच सामोरा जात होता. त्यानं ओळखपत्र काढलं. म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, फोटोकडं आणि गोरखकडं आळीपाळीनं बघितलं आणि परत दिलं. "फोटूत मिशी हाय," तो म्हणाला. गोरखनं लग्नात मिशी काढली होती. आपल्या संसाराचा इतिहास सांगावा की कसं, या विचारात तो पडला तोवर म्हाताऱ्यानं विचारलं, "काय काम?"

"हापशाची पोच हवी होती. वाडीला हापसा मिळाला ना?"

म्हाताऱ्यानं उठून त्याला वाडीच्या कडेपर्यंत नेलं. समोर दरी, दरीपलीकडं दांड, दांडावर उन्हात चमकणारा हापसा आणि हापशावर वानर.

"त्यो का?"

गोरखच्या मनात खिडकीची काच, बटर पेपर आणि ते सहा ठिपके एकामागून एक येऊन गेले.

"नजरंनं दोन हाळ्या हाय," म्हातारा म्हणाला. "पायानं अडीच मैल. अंगठा वानराचा घ्या."

हेच बहिरूबाबा.

बहिरूबाबांचा कोणावरच विश्वास नव्हता. त्यात वैर नव्हतं, ती त्यांची राहणी होती. एखादा सकाळी उठून दात घासतो तसे ते सकाळी उठून संशय घ्यायचे. घाटघरला एसटी उभी असली तरी 'ही जुन्नरला जाती का' असं आधी कंडक्टरला, मग डायव्हरला आणि मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारायचे. तिघांचं एक आलं तरच पायरीवर पाय. कचेरीत खुर्ची दिली तर बसायचे नाहीत, बसलं की लिहून घेतात म्हणून. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण घरात आलेला कागद ते तिघांकडून वाचून घ्यायचे : शाळेच्या उज्ज्वलाबाईंकडून, घाटघरच्या दुकानदाराकडून आणि जुन्नरच्या स्टँडवर भेटेल त्या परक्या माणसाकडून. पहिल्या दोघांची एकमेकांशी ओळख असते, तिसऱ्याची नसते, हा त्यांचा हिशेब. तिघांनी एकच वाचलं की कागद खरा. एकदा नातेवाइकाच्या लग्नपत्रिकेवर तिघांनी तीन तारखा वाचल्या. शाई पसरली होती. बाबा लग्नालाच गेले नाहीत. पुढं त्या लग्नात पंगतीतल्या पन्नास माणसांना जेवणातून विषबाधा झाली, तेव्हापासून तर वाडीत बाबांच्या संशयाला मानच मिळाला.

आणि नकाशावाल्यांवर तर त्यांचा खास राग. त्याला कारण होतं. त्यांची बहीण कुशाबाई आंबेगावच्या अंगाला दिलेली. ते गाव धरणात गेलं.

"आदी चुन्याची रेघ आली," ते सांगायचे. "लोक म्हनले, रेघ हाय, असू दे. मग दगूड आला, आकडा लिवल्याला. मंग एक सायेब आला, कागूद हातरला, त्यात भैनीचं घर व्हतं. भैन हरकली. म्हनली, दादा, माजं घर सरकारच्या कागदात हाय. मंग पानी आलं."



आता गोरखची खरी पंचाईत झाली ती तालुक्याला. कचेरीत हौशीराम नावाचे हेडक्लार्क होते. तीस वर्षं एकाच टेबलावर काढून ते स्वतःच एक फाईल झाले होते. कानात पेन, कमरेला कपाटाच्या किल्ल्या.

"अण्णा, हिरडवाडीला हापसा हवाय."

हौशीरामांनी रजिस्टर उघडलं. "हिरडवाडीला हापसा आहे."

"हापसा आहे, पण वाडी नाही तिथं."

"मग वाडीनं तिथं जावं."

"अण्णा, तो नकाशा चुकलाय."

हौशीरामांनी चष्मा काढला. "कोणी काढला?"

"मी."

"कशावरून काढला?"

"मोजणीच्या जुन्या नकाशावरून."

"म्हणजे सरकारी नकाशा खोटा आणि तुम्ही काल बघितलेली वाडी खरी, असं लिहून देता का? द्या. मी चौकशीला लावतो. तुमची चौकशी होईल, हापशाचं नंतर बघू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गोरख, पोटापाण्याची नोकरी आहे तुमची. वानरं पीत असतील तर पिऊ द्या."

ही गोष्ट तिथंच संपायची. गोरख काही वीरपुरुष नव्हता. साहेबांनी हाक मारली की चहाचा कप बशीत वाजावा अशा प्रकृतीचा माणूस. पण दुसऱ्या खेपेला तो वाडीत गेला तेव्हा बहिरूबाबांची सून इंद्रायणी हंडा घेऊन निघाली होती, म्हणून तोही मागं गेला. दरीच्या पोटात ओढ्याच्या वाळूत एक झिरा होता, परातीएवढा. तीन बाया आधीच बसलेल्या. पाणी पाझरेल तसं करवंटीनं भरायचं. गोरख तासभर बसला. इंद्रायणीचा नंबर आला नाही. उठताना त्यानं वर बघितलं तर समोरच्या दांडावर त्याच्या सुंदर अक्षरातला हापसा उभा होता.

त्या रविवारी तो कळंबला गेला नाही. पुढच्याही रविवारी नाही. त्याची बायको अश्विनी हिनं फोनवर विचारलं, "डोंगरात असं काय आहे?" तो म्हणाला, "नकाशा." ती म्हणाली, "नाव काय तिचं?" आपल्याकडं संशय घाटमाथ्यावरच पिकतो असं नाही.

हौशीरामांच्या रजिस्टरातून सुटायची एकच वाट होती. वाडीनं स्वतः आपला नकाशा करायचा, ग्रामसभेनं तो मंजूर करायचा आणि तो ठराव कचेरीत द्यायचा. ग्रामसभेचा ठराव आला की त्याचं काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. तेही पावसाच्या आत. पहिला पाऊस पडला की गाडीवाट वाहून जाते, मग दिवाळीपर्यंत मशीनचं नाव काढायचं नाही. गोरख ड्रॉइंगचे मोठे कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन वाडीत आला. वाघोबाच्या पारावर सगळे जमले. बहिरूबाबा एका बाजूला, घोंगडी खांद्यावर.

"काय करायचं?"

"आपण आपल्या वाडीचा नकाशा काढायचा. घरं, वाटा, पाणी."

"आनि त्यो कागूद कुनाकडं जायचा?"

"तालुक्याला."

"घरं आमी दावायची, पानी आमी दावायचं, आनि कागूद तुमी न्यायचा," बाबा म्हणाले. "भाऊसायेब, आमच्या भैनीच्या गावाला निदान सायेब तरी कामाला लावला व्हता. तुमी तर आमच्याच हातानं रेघ मारून घ्याया निगाला."

गोरखनं पेन्सिली खोक्यात भरायला सुरुवात केली. तेवढ्यात बायांच्यातून इंद्रायणी बोलली, पदर नीट करत, पण सगळ्यांना ऐकू येईल असं.

"मामंजी, एक इचारू? तवा पल्याड मशीन वाजत व्हतं दोन दिस. आमी म्हनलं, बगून येतो. तुमी म्हनला, कुनी फिरकू नका, मापवालं असत्याल. त्या दिशी एक जन जरी गेला असता, तर ते मशीन हिकडं आलं असतं."

सासऱ्याला सुनेनं चारचौघांत असं बोलणं वाडीला नवीन होतं. बहिरूबाबांनी तिच्याकडं बघितलं, मग पलीकडच्या दांडाकडं बघितलं. मग कमरेची चंची काढली, तंबाखू मळली आणि ती तोंडात न टाकता तशीच फेकून दिली.

"कागूद न्हाई," ते म्हणाले. "भित."

"म्हणजे?"

"शाळंच्या भितीवर काडायचा. कागूद तुमचा व्हतो. भित हितंच ऱ्हाती. ज्याला बगायचं त्यो हितं यील, नक्कल काडून घिऊन जाईल. सायेबाला बी बगायचं आसंल तर त्यो बी यील."

उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "बाबा, शाळेची भिंत पण सरकारचीच आहे."

"आसंना. उचलून तर न्हाई न्हेता येत."

अशी ती भिंत ठरली. चुना फासून पांढरी केली, रेघांसाठी तांबडी काव कालवली. आणि मग गोरखला असं दिसून आलं की ज्या माणसाचा कोणावरच विश्वास नसतो, त्याच्यासारखा मोजणीदार सरकारलाही मिळायचा नाही. 'इथं झरा आहे' असं कोणी म्हटलं की बाबा त्याला बाजूला बसवायचे, मग दुसऱ्याला बोलावून विचारायचे, मग तिसऱ्याला, आणि तिघांना एकमेकांशी बोलू द्यायचे नाहीत. तिघांचं जुळलं तरच झरा भिंतीवर चढायचा.

अंतराचा प्रश्न आला. गोरखनं टेप काढली. टेप बघून चार माणसं उठून गेली. ती गुंडाळून खिशात गेल्यावरच परत आली. "आमी हाळीनं मोजतो," गेणू नावाचा एक गडी म्हणाला. एक माणूस उभा राहून हाळी देतो, दुसरा चालत जातो. हाळी ऐकू यायची थांबली की ते एक हाळी अंतर. गोरख म्हणाला, पण प्रत्येकाचा गळा वेगळा. त्यावर सगळ्यांनी एकदमच मागं वळून धोंडाबाईंकडं बघितलं. धोंडाबाईंची बकरी दरीत असली तरी त्या वाडीतूनच तिला ओरडायच्या आणि बकरी ऐकायची. पन्नास वर्षं तो गळा तसाच होता.

"माजा गळा सरकारी कामाला लावता व्हय," धोंडाबाई म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या.

बहिरूबाबांनी लगेच हरकत घेतली. "वाऱ्याचं काय? खालनं वारं आसलं की हाळी लांब जाती." म्हणून वारा पडला की मोजायचं. जाताना एकदा, येताना एकदा. आणि धोंडाबाई दमल्या की थांबायचं, कारण दमलेली हाळी आखूड पडते. गोरखनं गुपचूप पावलं मोजली होती. प्रत्येक हाळी सहाशेच्या आसपास भरत होती. हे त्यानं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मंग पावलं कशाला मोजली?"

नकाशाखाली गोरखनं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं : प्रमाण – एक वीत म्हणजे धोंडाबाईंची एक हाळी. भिंतीला सुतळीनं कोळशाचा एक तुकडा बांधला. ज्याला काही चुकलंय असं वाटेल त्यानं खूण करायची. आठ दिवसांत धोंडाबाईंचा गोठा दोनदा सरकला, गेणूची वाट सरळ झाली आणि कोणीतरी गोरखच्या नावानं पलीकडच्या दांडावर एक वानर काढलं. ते पुसायला बाबांनी हरकत घेतली. तिघांनी बघितलंय, म्हणाले. उत्तरेकडचा हातभर भाग मात्र त्यांनी कोरा ठेवायला लावला. तिथं वाडीला चार पैसे देणारी हिरड्याची जुनी झाडं होती, पण ती कुठं ते भिंतीला सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

ग्रामसभा झाली, ठराव झाला, आणि ठराव घेऊन गोरख हौशीरामांपुढं उभा राहिला. हौशीरामांनी तो तीनदा वाचला.

"या धोंडाबाई कोणत्या खात्याच्या?"

"वाडीच्या आहेत, अण्णा."

"शिक्षण?"

"गळा चांगला आहे."

"आणि मूळ नकाशा कुठं आहे?"

"भिंतीवर."

"भिंत फाईलला कशी लावू?"

ते दोघं यावर बोलत असताना आतून नवे गटविकास अधिकारी बाहेर आले. लातूरकडचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले, अजून कंटाळायला शिकले नव्हते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पहिल्या नकाशाची चूक कोणाची?" हौशीरामांनी गोरखकडं बघितलं. गोरखनं खिडकीकडं बघितलं. मग म्हणाला, "माझी, साहेब." साहेब म्हणाले, "लेखी द्या. आणि उद्या जीप काढा, भिंत बघू."

जीप आली. साहेब भिंतीपुढं उभे राहिले. हौशीराम घाम पुसत कोऱ्या भागाकडं बोट दाखवून म्हणाले, "इथं काय आहे?"

"रान," बहिरूबाबा म्हणाले.

"रानात काय आहे?"

"रान."

साहेब हसले. "बाबा, हा नकाशा बरोबर आहे हे मी कशावरून मानू?"

बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी माया दिसली. 'कशावरून' विचारणारा साहेब त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

"तुमी मानू नगा," ते म्हणाले. "ह्या आन्नाला तुमच्या हापिसातला नकाशा द्या, त्यो त्याच्यावरनं वाडीच्या पान्याला जाईल. तुमी भितीवरनं जा. येकटं. संगती कुनी नगं, न्हाईतर वाटंत सांगून ठिवत्याल."

हौशीराम जीपनं फाट्यावरून वळून कचेरीच्या नकाशाप्रमाणं गेले. साहेबांनी भिंतीवरून खिशातल्या डायरीत चार रेघा उतरवून घेतल्या आणि एकटेच दरीत उतरले. गोरख पारावर बसून राहिला. त्याच्या शेजारी बाबा बसले, पण त्यांचं लक्ष गोरखवर होतं, हा मधेच उठून साहेबाला वाट दाखवायला तर जात नाही ना म्हणून.

दीड तास झाला. साहेब येईनात. हौशीराम आधी परतले.

"हापसा उत्तम आहे," ते म्हणाले. "पाणी गोड. वाडी दिसली नाही, पण असावी."

मग साहेब वर आले. शर्ट भिजलेला, बुटांत वाळू. पाठोपाठ इंद्रायणी, डोक्यावर हंडा. साहेब पारावर टेकले.

"अडतीस मिनिटं," ते म्हणाले. "एक हंडा भरायला. मी घड्याळ लावून बसलो होतो." मग हौशीरामांकडं वळून, "अण्णा, शिक्का आणलाय?"

"शिक्का आहे, पण कागद?"

"भिंतीवर मारा."

हौशीरामांनी आयुष्यात अनेक गोष्टींवर शिक्का मारला होता, पण चुन्यावर नाही. पहिला अर्धाच उठला, दुसऱ्यानं पापुद्रा निघाला, तिसरा बसला. साहेबांनी खाली सही केली. बहिरूबाबांनी अगदी नाक लावून ते बघितलं आणि मग कामाला लागले. उज्ज्वलाबाईंना बोलावून वाचायला लावलं. मग त्यांना लांब पाठवून गोरखला बोलावलं. मग जीपच्या डायव्हरला, कारण तो परका. तिघांनीही 'पाहिला व दाखल केला' असंच वाचलं. बाबा जरा हिरमुसले. मग त्यांनी शिक्क्याशेजारी आपला अंगठा उठवला.

साहेबांनी परतताना सांगितलं की घाटमाथ्यावरच्या बाकी वाड्यांनीही आपापली भिंत करावी, कचेरीनं नकला करून घ्याव्यात आणि त्या टेबलावर उघड्या ठेवाव्यात, येईल त्यानं बघाव्या, चूक दिसली तर सांगावी. हौशीराम जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "येईल त्यानं बघायचं, तर मग कपाट कशासाठी आहे?" त्यांनी कमरेच्या किल्ल्या उगाचच एकदा चाचपल्या.

गोरखनं लेखी चूक कबूल केली. त्याच्या सेवापुस्तकात एक ओळ लागली, ती निवृत्तीपर्यंत राहणार होती. त्या कबुलीची नक्कल बाबांनी मागून घेतली आणि रीतीप्रमाणं तिघांकडून वाचून घेतली. त्यानंतर गोरख वाडीत गेला. बाबांनी इंद्रायणीला सांगून त्याच्यापुढं नाचणीची भाकरी आणि ठेचा ठेवायला लावला, आणि तो खात असताना प्रथमच दुसरीकडं बघत बसले.

हापसा मंजूर झाला. मे महिना निम्मा सरला होता. पश्चिमेला दुपारचे ढग दिसायला लागले होते. वाडीनं आठ दिवस खपून गाडीवाट साफ केली होती. मशीन येणार त्या दिवशी गोरख भल्या सकाळी एम-एटी घेऊन निघाला. फाट्यावर पोचतो तर डाव्या वाटेवर, म्हणजे जुन्या माळाकडं जाणाऱ्या वाटेवर, करवंदीच्या काट्या आडव्या टाकलेल्या, त्यावर दगड रचलेले. आणि काट्यांपुढं, काठी मांडीवर घेऊन, घोंगडीवर बसलेले बहिरूबाबा.

"कधीपासून बसलाय बाबा?"

"कोंबड्यापासनं."

गोरखनं गाडी बाजूला लावली आणि त्यांच्याशेजारी बसला. एवढं सगळं करून शेवटी हेच, असं त्याच्या मनात आलं. थोडं वाईट वाटलं, थोडं हसूही आलं.

"बाबा, नकाशा बरोबर आहे ना?"

"हाय की."

"तीनतीन जणांकडून वदवून घेतलात. साहेबाला उन्हात उतरवलंत. स्वतःचा अंगठा उठवलात. त्याची नक्कल मुकादमाच्या खिशात आहे, मी माझ्या हातानं दिलीय. मग तुम्ही इथं राखण करत कशाला बसलाय?"

खाली वळणावर धूळ उठली होती आणि मशीनचा घरघराट यायला लागला होता. बाबांनी काठी टेकून उठत, त्या धुळीवरची नजर न काढता सांगितलं :

"नकाशा आमचा हाय, गाडी तुमची हाय."